हिरव्या रंगाची राखण

सूनबाई कामानिमित्त परगावी निघाली, तेव्हा तिच्या एंजल माशांची जोडी सासूबाईंनी स्वतःहून मागून घेतली. यांच्या भरवशावर ठेवू नकोस, त्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, यांना स्वतःचा चष्मा सांभाळता येत नाही.

सूनबाईने पीएच तपासायला शिकवलं. टाकीतलं पाणी नळीत घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. हिरवं झालं तर ठीक, पिवळं म्हणजे पाणी आंबट, निळं म्हणजे त्याच्या उलट. रंग बदलला तर आधी मला फोन करा, असं तिने निघताना पुन्हा बजावलं. ते सासूबाईंना झोंबलं. पोरं वाढवली, ती कुणाला विचारून?

दुसऱ्याच सकाळी नळीत निळसर झाक दिसली. त्यांनी कपाटातली आंबटपणा वाढवायची बाटली काढली, थोडं ओतलं आणि गुपचूप जागेवर ठेवली. संध्याकाळी बघतात तर गडद निळं. पुन्हा ओतलं. सकाळी पुन्हा निळंच. पाण्याने जणू त्यांच्याशी दावाच मांडला होता. मासे फिल्टरमागे दडून बसले, खाण्याला तोंड लावेनात. सुनेला आता कुठल्या तोंडाने सामोरं जायचं?

दुपारी बाटली पदराआड धरून त्या टाकीपाशी आल्या, तर नवरा तिथे चमचा घेऊन उभा.

"अहो, हे काय चाललंय?"

"खायचा सोडा. दुपारी बघावं तर पाणी पिवळं. तू कडाडशील म्हणून बोललो नाही."

सासूबाईंनी चमच्याकडे पाहिलं, नवऱ्याने बाटलीकडे. आधी हसू फुटलं ते सासूबाईंना, आणि ते आवरेना म्हणून त्या तिथेच स्टुलावर बसल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "लावा फोन. मीच बोलते. मागून घेतले मी, तर बोलणीही मीच खाणार."

सूनबाई ओरडली नाही. बादलीत साठवून ठेवलेल्या पाण्याने टाकीतलं पाणी रोज थोडं थोडं बदला, म्हणाली, आणि दोघंही टाकीत काही टाकू नका.

मग दोघं टाकीच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसू लागले, माशांपेक्षा एकमेकांवर जास्त नजर ठेवून. एका सकाळी नळीत हिरवं झालं. जोडी झुलत बाहेर आली आणि सासूबाईंच्या बोटांतून दाणे ओढू लागली. त्यांनी ओल्या हातानेच फोन लावला.

सुनेने विचारलं, केलंत तरी काय?

"मी यांना धरून ठेवलं, यांनी मला," सासूबाई म्हणाल्या. "तेवढ्यात तुझ्या माशांना श्वास घ्यायला फुरसत मिळाली."