खिडकीकडची जागा

ब्रेकवर पाय घट्ट रोवून रत्नाने भाड्याची गाडी लाल मातीच्या उतारावर घातली.

"आई, धिस इज क्रेझी!" रुचा दाराची मूठ धरून बसली होती. "रेंटलवाल्यांनी डर्ट रोडला नो म्हटलंय. टर्न बॅक करू या ना, प्लीज."

"आठ नंबरच्या पाटीपर्यंत जायचं म्हणजे जायचं. मग काय ओरडायचं ते ओरड."

मागच्या सीटवर, पट्टा लावून, स्टीलचा कडीचा डबा ठेवला होता. रत्नाचा नवरा श्रीराम एडिसनच्या घरून ऑफिसला जाताना रोज जेवण न्यायचा तो. आता त्यात त्याच्याच मूठभर अस्थी होत्या. बाकीच्या नाशिकला गेल्या. रुचाने सहा महिन्यांत त्या डब्याला हात लावला नव्हता.

श्रीरामच्या टेबलावर नॅव्हाहो आदिवासींच्या या दरीचं कॅलेंडर असायचं. "एकदा तिथे गेलो की परत यायचा नाही मी," तो म्हणायचा. ट्रिप तीनदा ठरली आणि तिन्ही वेळा रत्नानेच कॅन्सल केली. एकदा ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू होता, एकदा बेसमेंटमध्ये पाणी शिरलं, आणि तिसऱ्यांदा काहीच कारण नव्हतं, नुसता कंटाळा. तो तिसरा नकार तिला आता झोपू देत नसे. दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये श्रीराम गेला. बावन्नाव्या वर्षी, दोनदा नापास होऊन, ती गाडी शिकली ती याचसाठी.

थांबून दरी बघायच्या जागांना एक ते अकरा नंबरांच्या पाट्या होत्या. आठव्या पाटीजवळ एक नॅव्हाहो म्हातारी घडीच्या टेबलावर माळा मांडून बसली होती. रत्ना सरळ कड्याशी गेली, खाली बसली आणि डब्याची कडी काढू लागली.

"काय आहे त्यात?" म्हातारीने मागून इंग्रजीत विचारलं.

"माझे मिस्टर."

म्हातारी दोन पावलं मागे सरली. "इथे नको."

"मूठभरच आहे हो. फार लांबून आणलंय."

"मूठभर असला तरी माणूसच ना? जिथे मेलेलं माणूस ठेवतात तिथे आम्ही पुन्हा पाऊल टाकत नाही." तिने बोट न दाखवता, ओठ पुढे काढून खालचं गोल मातीचं घर दाखवलं. "बहिणीचं आहे. तिच्या मेंढ्या इथेच चरतात."

रत्नाचा हात कडीवर थांबला. माहेरी सुतक असलं की शेजारची माणसं पाणीसुद्धा घेत नसत. त्याचा राग कुणी धरला नव्हता. आपण मात्र लोकांच्या अंगणात येऊन साधं विचारलंही नाही, याची तिला लाज वाटली.

"त्याला इथे राहायचं होतं, की हे बघायचं होतं?" म्हातारीने हळूच विचारलं.

रत्नाला आठवलं, कुठेही जायचं तर गाडी श्रीरामच चालवायचा. नायगाराच्या वाटेवर सगळ्यांनी डोंगर पाहिले, त्याने फक्त पुढच्या ट्रकची मागची बाजू. तिने कडी पुन्हा लावली.

गाडीत बसल्यावर तिने डबा रुचापुढे धरला. "घे. नीट धर, खिडकीशी."

"मी?"

"मला स्टिअरिंग सोडता यायचं नाही. अजून तीन पाट्या राहिल्यात. एकही चुकवायची नाही."

रुचाने डबा दोन्ही हातांनी घेतला. रत्नाने गाडी बैलगाडीच्या चालीने सोडली. पहिल्या वळणावर कॅलेंडरवरचे तीन सुळके एकदम समोर आले. मागून हॉर्न वाजला, तरी तिने वेग वाढवला नाही.

रुचाने काच खाली केली आणि डबा जरा वर उचलला.

"बाबा, लुक," ती म्हणाली.