सातपूर युवक अ गटात

२००१ सालच्या फेब्रुवारीत सातपूर युवक हा फुटबॉल संघ जिल्हा लीगच्या ब गटातून अ गटात चढला आणि सुवर्णाचा आवाज बसला. पुढचे तीन दिवस तिनं फूलबाजारात झेंडूचा भाव बोटांनी दाखवला.

सुवर्णा मखमलाबादची. घरचा फुलांचा मळा. फुटबॉलशी तिचा संबंध आला तो धाकट्या भावामुळे. अमोल सातपूरच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता आणि संघात लेफ्ट बॅक खेळायचा. सुरुवातीला ती त्याच्यासाठीच यायची. मग एकदा अमोलचा पाय मुरगळला, तो घरी बसला, तरी ही मॅचला हजर. तेव्हापासून ती संघाचीच झाली. रेषेबाहेर उभं राहणारी पन्नास-साठ माणसं, बहुतेक कारखान्यांतली, आणि त्यांत तिचा आवाज सगळ्यांच्या वर.

संघ चौदा वर्षांपूर्वी उभा केला होता सावळीरामअण्णांनी. अण्णा लेथवर काम करणारे टर्नर, स्वतः कधी बॉलला पाय न लावलेले. अ गटात गेल्याचा आनंद ओसरल्यावर त्यांनीच पहिल्यांदा तोंड उघडलं. "आता मालेगाव, मनमाड, इगतपुरी. प्रत्येक वेळी गाडी लागंल. दोन रंगांच्या जर्सी लागतील. आपल्याकडं हाय एकच, ती पण उसवलेली."

म्हणून भामरे साहेब मैदानावर येणार हे कळलं तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. सातपुरात त्यांचा मोठा कारखाना. त्यांना संघात पैसे घालायचे होते. मार्चमधल्या एका रविवारी ते आले, मैदानाला एक चक्कर मारली आणि सगळ्यांसमोर बोलले. जर्सी, बूट, बस, पुण्याहून प्रशिक्षक. शिवाय चार खेळाडूंना कारखान्यात कायम नोकरी. त्या चौघांत अमोलचं नाव होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुवर्णानंही वाजवल्या.

"फक्त संघाला कंपनीचं नाव राहील," साहेब म्हणाले. "आणि मॅचेस आमच्या आवारातल्या मैदानावर. तिथं लॉन आहे."

टाळ्या थांबल्या. सुवर्णानं विचारलं, "मग आम्ही कुठं उभं राहायचं, साहेब?"

"आवारात बाहेरच्यांना सोडता येत नाही. सिक्युरिटीचा प्रश्न असतो. दहा-वीस पास देऊ की."

साहेब गेल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. कोणी म्हणालं, नावात काय ठेवलंय. कोणी म्हणालं, नाव गेलं तर राहिलं काय. शेवटी अण्णा म्हणाले, "मला काय सुचंना. पोरांच्या नोकऱ्यांचा सवाल हाय."

घरी येताना अमोल मोटरसायकल हळू चालवत होता. "ताई, कायम नोकरी आहे. दर सहा महिन्यांनी कामाला ब्रेक नाही. तू नको आडवी येऊस."

"आडवी नाही येत," सुवर्णा म्हणाली. "पण कुलपाच्या आत संघ नको मला. दोन्ही होतं का, विचारून तरी बघू."

आठवड्यानं ती अण्णांना घेऊन भामरे साहेबांच्या ऑफिसात गेली. एसीच्या गारव्यात अण्णा अंग चोरून बसले होते. तिनं सरळ सांगितलं. नाव सातपूर युवकच राहील, मैदान आहे तेच राहील, कंपनीचं नाव जर्सीच्या छातीवर घ्या.

साहेब हसले. "बाई, मी देणगी देत नाही. गुंतवणूक करतो. साठ माणसांसमोर नाव मिरवून मला काय मिळणार?"

"किती माणसं पाहिजेत?"

त्यांनी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "पाचशे आणा. मग बोलू."

"पहिली मॅच सप्टेंबरमध्ये आहे," सुवर्णा उठत म्हणाली. "तुम्ही स्वतः मोजायला या."

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "पाचशे? आपल्या मंडळाच्या गणपतीला येत नाहीत एवढे."

"गणपतीला बोलावायला मी जात नाही ना, अण्णा."

मॅच चारला ठेवायची हे तिनं ठरवून घेतलं, म्हणजे तीनला सुटणारी पहिली शिफ्ट सरळ मैदानावर येईल. ऑगस्टभर ती फूलबाजार आटोपून दुपारी एखाद्या कारखान्याच्या गेटसमोर उभी राहायची. शिफ्ट सुटली की ओरडायची, "सातपूरचा संघ अ गटात आलाय! मनमाडवाले येतायत! घरी जाऊन झोपणार का बघायला येणार?" पहिल्या दिवशी लोक हसून पुढे गेले. एका वॉचमननं हटकलं. ती रस्त्याच्या पलीकडं जाऊन ओरडली. चौथ्या-पाचव्या दिवशी माणसं थांबून विचारायला लागली, मॅच कधी, कोण खेळतंय. अण्णांनी मॅचच्या जाहिरातीच्या झेरॉक्स काढून सिटी बसच्या थांब्यांवर चिकटवल्या. अमोल तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होता, पण एकलहऱ्याला वीज केंद्रावर त्याचे मित्र होते, त्यांना सांगायला तो आपणहून गेला.

मॅचच्या दिवशी साडेतीनला मैदानावर शंभरएक माणसं होती. सुवर्णा रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. मग पावणेचारला रस्त्याकडून सायकली आणि मोटरसायकली येताना दिसल्या. डबे हातात, अंगावर निळे-खाकी कपडे. एकलहऱ्याहून एक टेम्पो भरून आला. मखमलाबादहून फुलाबाई आणि चतुराबाई, तिच्या बाजारातल्या जोडीदारणी, आपल्या घरच्या सगळ्यांना घेऊन आल्या. रेषेबाहेर जागा उरली नाही तेव्हा लोक भिंतीवर चढले.

सातपूर युवक दोन-एकनं हरला. मनमाडची पोरं वेगानं फार पुढे होती. पण शेवटची दहा मिनिटं संघ बरोबरीसाठी धडपडत होता आणि एकही माणूस हलला नव्हता. शिट्टी वाजल्यावर सुवर्णानं वळून पाहिलं, तर भामरे साहेब गर्दीच्या मागे एकटेच उभे होते, बुटांना चिखल लागलेला.

"मोजले?" तिनं विचारलं.

"मोजायचं राहिलं," ते म्हणाले. "मॅच बघत होतो."

त्यांनी एका वर्षासाठी जर्सी आणि बस दिली. नाव तेच, मैदान तेच. नोकऱ्या मात्र दिल्या नाहीत. संघ कंपनीचा असता तर वेगळी गोष्ट होती, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

खेळाडूंच्या नोंदणीची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. अंबडच्या एका कंपनीचा संघ अ गटात होता. त्यांना लेफ्ट बॅक हवा होता आणि ते नोकरी देत होते. अमोल तिकडं गेला. जाताना नवी जर्सी घडी करून बहिणीच्या हातात देत म्हणाला, "रागावू नकोस."

"रागावले नाही," सुवर्णा म्हणाली. "तू तुझं बघितलंस, बरं केलंस." पण त्या दिवशी मळ्यात झेंडू तोडताना तिचे डोळे सारखे भरून येत होते. तिच्या हट्टाची किंमत त्यानं मोजली होती आणि ते दोघांनाही कळत होतं.

जानेवारीत शेवटची मॅच आली. अ गटात टिकायला सातपूर युवकला एक गुण पुरेसा होता. समोर अंबडचा संघ, आणि त्यात अमोल.

तो जीव तोडून खेळला. पहिल्या हाफमध्ये त्यानंच दिलेल्या पासवर अंबडनं गोल केला. दुसऱ्या हाफमध्ये सातपूरचा एक हमखास गोल त्यानं रेषेवरून पायानं परतवला. "अमोल्या, बाजूला हो!" सुवर्णा ओरडली आणि आजूबाजूचे दोनशे लोक हसले. शेवटच्या पाच मिनिटांत कॉर्नर मिळाला. गर्दीतून कोणाच्या तरी डोक्याला लागून बॉल आत गेला. एक-एक. सातपूर टिकलं.

अण्णा मैदानातच खाली बसून रडले. अमोल घाम पुसत सुवर्णाकडे आला.

"भावावर एवढं ओरडतात?"

"गोल वाचवलास कशाला?"

"पगार घेतो त्याचा." मग तो हळूच म्हणाला, "शेवटचा वाचवता आला नाही, ते बरं झालं."

"चल घरी. आईनं शेंगोळे केलेत."

ते निघणार तेवढ्यात भामरे साहेब आले. त्यांनी अमोलच्या पाठीवर थाप मारली आणि सुवर्णाला म्हणाले, "पुढच्या वर्षाचं बोलायचंय. सोमवारी ऑफिसला या."

"सोमवारी फुलांना गिऱ्हाईक जास्त असतं, साहेब. मंगळवारी येते."

मंगळवारी ती गेली. या वेळी अण्णाही ताठ बसले होते. त्यांनी मैदान सपाट करायला रोलर मागितला, आणि लोकांना बसायला दोन बाजूंनी पायऱ्या. साहेब म्हणाले, पायऱ्यांचं बघू. रोलर शनिवारी आला.