दोन्ही घरी 'होय'

सुनेचं काम जगाच्या तब्येतीची विचारपूस करण्याचं. ऑफिस तसं साधंच, पंखासुद्धा कुरकुरणारा. पण तिथे गोळा झालेले आकडे वर जायचे, आणखी वर जायचे आणि शेवटी सगळ्या देशांच्या एका मोठ्या तक्त्यात बसायचे. कुठे किती जणांपर्यंत औषध पोचतं, दहा वर्षांत जग किती पुढे सरकलं, ते त्या तक्त्यावरून ठरायचं. त्यासाठी घरोघर विचारायचे प्रश्न ती तयार करायची. सासूबाईंच्या मते ही नोकरी नव्हेच, ही नसती उठाठेव.

नवे प्रश्न बाहेर पाठवण्याआधी ती ते घरच्यांवर करून बघायची. घरचे म्हणजे सासूबाई आणि त्यांची धाकटी जाऊ, म्हणजे सुनेच्या काकू. त्यांच्या नवऱ्यांनी, दोघा भावांनी, एकाच मजल्यावर शेजारी खोल्या घेतल्या होत्या, मध्ये सामायिक गॅलरी. पुढे दोघे भाऊ गेले आणि बायकांचं भांडण तेवढं मागे उरलं. ते मुळात कशावरून सुरू झालं, हे आता दोघींनाही धड सांगता आलं नसतं. रक्तदाब मात्र दोघींना होता.

सर्वेक्षणाला जाणाऱ्या मुलींकडून ती एक गोष्ट घोकून घ्यायची. "एकाला विचारताना दुसरं माणूस कानाच्या टप्प्यात नको. सासूसमोर सून खरं बोलत नाही, आणि सुनेसमोर सासू तर नाहीच नाही." आणि स्वतः काय केलं? घरचीच तर माणसं, म्हणून त्या रविवारी दोघींना गॅलरीत शेजारी खुर्च्या टाकून बसवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"रक्तदाबाची गोळी मिळते?"

"मिळते की," सासूबाई म्हणाल्या.

"रोज घेता?"

"न घेऊन सांगते कुणाला?"

काकूंनी प्रश्न पुरा होऊच दिला नाही. "मलाही मिळते, मीही घेते. पुढचं विचार."

पुढचं विचारण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही घरी 'होय'. जगाच्या तक्त्यात दोन माणसांची भर. नवं यंत्र आणलंच होतं, म्हणून सुनेने त्याचा पट्टा सासूबाईंच्या दंडाला बांधला. वरचा आकडा दोनशेच्या घरात गेला. काकूंचा त्याहून वर.

"यंत्र बिघडलंय," काकू म्हणाल्या.

"हो ना. स्वस्तातलं दिसतंय," सासूबाई म्हणाल्या.

या दोघींचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं सून लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होती. तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. यंत्राला काही धाड भरली नव्हती.

ती घाबरली. डॉक्टरांनी मागच्याच महिन्यात सासूबाईंना बजावलं होतं, दाब असाच चढा राहिला तर एखाद्या दिवशी अर्धं अंग लुळं पडेल. आत गेल्यावर तिने गोळ्यांचं पाकीट मागितलं. सासूबाईंनी आढेवेढे घेतले, मग पुढे केलं. पाकिटासोबत कागदाच्या पुडीत एक अर्धी गोळी होती, सुरीने कापलेली.

"आई, हे काय?"

"ओरडू नकोस, भिंती पातळ आहेत." सासूबाईंनी दार लोटलं. "तुझ्या काकूची कागदपत्रं मुलाच्या गावची. इथल्या आरोग्य केंद्रातून तिला फुकटच्या गोळ्या देत नाहीत. तीनदा परत पाठवलं, आता ती पायरी चढायची नाही. मुलापुढे हात पसरायची नाही. मग मरू देऊ?"

"म्हणून तुम्ही अर्धी?"

"तुटक्या गोळ्या येतात, टाकवत नाहीत, असं सांगून देते. मी माझी मोडून देतेय कळलं तर तोंडात घालणार नाही ती. फार ताठा."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी? तुला तक्ते भरायचे असतात."

सुनेने पिशवी उचलली. तासाभरात ती दुकानातून काकूंसाठी अख्ख्या गोळ्या घेऊन आली. एवढं सोपं होतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. ज्यांच्या घरी दुकानात जाणारी सून नाही, त्यांच्यापुढेही असाच 'होय' लिहिला गेला असणार.

"माझं नाव काढशील तर याद राख," सासूबाईंनी दम भरला.

शेजारी जाऊन सुनेने केंद्रात जास्तीच्या मिळाल्याची थाप मारली. काकू पाकीट बघून हसल्या. "केंद्रात जास्तीच्या मिळाल्या? अगं, चार वर्षं मी सुरीची कड बघतेय. मला काय दुधखुळी समजता?" त्यांनी कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला. उघडला. आत अर्ध्या गोळ्याच गोळ्या, खालच्या पिवळ्या पडलेल्या.

सुनेने डब्यात वाकून पाहिलं. "तुम्ही एकही घेतली नाहीत?"

"तिच्या तोंडची गिळू? उद्या केंद्राने तिच्या बंद केल्या तर लागतील, म्हणून ठेवल्या. नाही म्हटलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. मघाशी हो म्हणाले, कारण ती शेजारी बसली होती." त्या डब्याचं झाकण लावायला लागल्या. "तिला काही झालं तर मी भांडू कुणाशी? आणि हे तिला सांगायचं नाही हं."

दोन्हीकडची शपथ सुनेने दोन्हीकडे मोडली. डबा उचलून गॅलरीत आणला, सासूबाईंना हाक मारली आणि सगळं सांगून टाकलं.

सासूबाई डब्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच दमात आवाज चढला. "मी तिकडे अर्धी गिळत होते, आणि इथे हिने साठा केला?"

"मी सांगितलं होतं मोडून द्या म्हणून?" मागोमाग आलेल्या काकू म्हणाल्या.

सुनेने दोघींच्या हातात एकेक अख्खी गोळी ठेवली, पाण्याचे पेले दिले. दोघींनी पेले हातात धरले, पण पीत कुणीच नव्हतं.

"आधी ती," सासूबाई म्हणाल्या.

"जाऊबाई मोठ्या. मान त्यांचा."

शेवटी दोघींनी एकदमच गोळी टाकली, एकमेकींच्या गळ्याकडे बघत पाणी प्यायल्या. पेला खाली ठेवून सासूबाई पुढे वाकल्या.

"आ कर. जीभ उचल."

काकूंनी मुकाट्याने आ केला, आणि तोंड तसंच उघडं ठेवून बोटाने खूण केली, आता तुम्ही. सासूबाईंनीही आ केला. दोघी म्हाताऱ्या तशाच बसून राहिल्या, आधी तोंड मिटायला कुणी तयार होईना.