केबल जोडलेली नाही

मित्रांनो, मी जुना संगणक आहे हे मला मान्य आहे. पण 'डबडे' हा शब्द मला मान्य नाही. एका सकाळी तो मला इतक्या वेळा ऐकावा लागला, की नुसते आठवले तरी माझा पंखा अजून जोरात फिरू लागतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून मी खोक्यात बसून एका नकाशे काढणाऱ्या माणसाच्या कचेरीत आलो. तो लोकांच्या घरांचे नकाशे काढी. दार कुठे, जिना कुठे, स्वयंपाकघरात उजेड कुठून येणार, हे सगळे त्याच्या डोक्यात तयार असे. सुरुवातीला तो मला हात लावायलाही बिचकायचा. नंतर मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगू लागला, "हा माझा उजवा हात." शाळा सुटली की त्याची मुलगी माझ्यासमोर येऊन बसे. तीही त्याच्याकडून नकाशे काढायला शिकली आणि मोठेपणी तेच काम करू लागली.

पुढे तो वारला आणि कचेरी बंद झाली. मला घरी आणून जेवणाच्या टेबलाशेजारी, भिंतीला पाठ लावून बसवले. मुलीला घरात ताई म्हणत. ती माझ्यावरच काम करत राहिली. तिची आई मला रोज मऊ फडक्याने पुसायची. माझी वायर भिंतीतल्या भोकातून आईच्या खोलीत जायची. तिथे कपाटावर इंटरनेटचा डबा होता. हवेतून नेट पकडण्याची सोय माझ्यात नाही. माझे कान आणि तोंड म्हणजे ती वायरच.

एकदा पूल बांधणाऱ्या एका कंपनीने ताईला मुलाखतीला बोलावले. कंपनी दूरच्या शहरात होती, पण मुलाखत पडद्यावरच होणार होती. त्यांच्यासमोर एका नकाशात बदल करून दाखवायचा होता, म्हणून फोन चालणार नव्हता, मीच हवा होतो. काम मिळाले तर ताईने तिकडे जायचे, हे घर सोडायचे आणि आईने ताईच्या धाकट्या भावाकडे राहायचे, असे दोघा भावंडांनी फोनवर ठरवून टाकले. हे बोलणे माझ्यासमोरच झाले. आई टेबलापाशी भाजी निवडत होती. तिला कुणी काही विचारले नाही आणि तीही काही बोलली नाही.

मुलाखतीच्या आदल्या रात्रीच भाऊ येऊन राहिला होता. येताना सामान बांधायला रिकामे खोके घेऊन आला होता. सकाळी पडद्यावर तीन माणसे दिसली. मधल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, ताईने उत्तरासाठी तोंड उघडले, आणि तिघेही जागच्या जागी थिजले.

माझ्या पाठीवरचा बारीक हिरवा दिवा विझला होता. मी लगेच पडद्याच्या कोपऱ्यात लिहिले, 'केबल जोडलेली नाही.' याहून स्पष्ट मी काय लिहिणार होतो? ताईने माशी हाकलावी तशी ती ओळ उडवून लावली. मला बंद करून पुन्हा चालू केले. उठल्या उठल्या मी तेच लिहिले. तिने तेच उडवले. मग माझ्या डोक्यावर एक सणसणीत चापट बसली.

"नेमकं आजच," ती दात आवळून म्हणाली.

भावाने खिशातून फोन काढला. "माझ्याकडे नेट व्यवस्थित चालतंय. म्हणजे या डबड्यातच काहीतरी गेलंय."

त्याचे अर्धे खरे होते. नेट चालू होते, पण ते माझ्यापर्यंत येत होते का? त्याने माझ्याकडचे वायरचे टोक हलवून पाहिले. ते घट्ट बसलेले होते. दुसरे टोक पाहायला चार पावले पलीकडच्या खोलीत जावे लागले असते. तेवढे तो गेला नाही.

ताईने नेटवाल्यांना फोन लावला.

"मॅडम, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा."

"केलंय."

"पुन्हा एकदा करून बघा."

"केलंय म्हणतेय ना."

"मग मशीन जुनं असेल, मॅडम."

मला संताप आला, पण सांगणार कुणाला? ताईने फोनवरून कंपनीला कळवले. दुपारपर्यंत थांबतो, नंतर दुसऱ्या उमेदवाराला घेऊ, असे उत्तर आले. तोवर भावाने माझी बाजू उघडली होती. आतल्या पट्ट्या उपसून त्यांवर फुंकर मारली आणि पुन्हा कोंबल्या. उपयोग शून्य.

"सगळं पुसून नव्याने टाकू," तो म्हणाला. "तासाभरात होईल."

"आणि यातलं?"

"तुझं काम पेनड्राइव्हवर आहे ना? बाबांचे नकाशे उतरवून घेत बसलो तर दुपार जाईल. आता कोण बघतंय ते?"

ताईने घड्याळाकडे पाहिले. "कर," ती म्हणाली.

त्या माणसाने आयुष्यभर काढलेली घरे माझ्या पोटात होती, आणि ती एका शब्दात पुसली जाणार होती. भावाचे बोट बटणावर गेले.

"थांब." आई दारात उभी होती. "हात लावू नकोस त्याला. वायर मी काढलीये. कपाटावरच्या डब्यातून."

ताई सावकाश उठली. "तू बघत होतीस, आई. मी याला मारत होते, फोनवर भांडत होते, आणि तू बघत होतीस. माझं पोट आहे या कामावर."

"माहितीये."

"मग का?"

"मला कुठे न्यायचं ते तुम्ही ठरवलंत. खोके आणलेत. मी काय खुर्ची आहे, इथून उचलून तिथे ठेवायला?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच..." भाऊ मध्ये बोलला.

"तू गप्प बस. माझं भलं मला विचारून करायचं."

"बोलली का नाहीस मग?" ताईने विचारले.

"विचारलंत कधी?"

ताई तरातरा आत गेली आणि तिने स्वतः वायर खोचली. माझा दिवा लागला, थोड्याच वेळात पडद्यावरची ती तीन माणसे परत आली. रागाने ताईचे कान लाल झाले होते, पण तिची एकही रेघ वाकडी गेली नाही. मीही अडखळलो नाही. भावाने माझी बाजू लावताना एक स्क्रू उरवला. तो अजून टेबलाच्या खणात आहे.

ताईला काम मिळाले. आई भावाकडे गेली नाही. "मी इथेच राहणार," तिने सांगितले, आणि या वेळी दोघांनी ऐकून घेतले. खोके रिकामेच परत गेले. निघण्याआधी ताईने बाबांचे नकाशे माझ्यातून उतरवून घेतले आणि आईला माझ्यावरून बोलायला शिकवले, तेही चिडचिड करतच. आता संध्याकाळी ताई पडद्यावर येते.

"गोळी घेतलीस का?"

"तू जेवलीस का ते आधी सांग."

मग दोघी भांडतात. त्या वायरीवरून अजूनही भांडतात.

माझाही राग गेलेला नाही. आईवर आहे, कारण मी मार खात असताना ती गप्प राहिली. भावंडांवर जास्त आहे. मित्रांनो, तुमच्या घरचे यंत्र बंद पडले तर त्याला मारण्याआधी ते काय सांगते आहे ते वाचा, आणि वायरीची दोन्ही टोके पाहा. मी निदान पडद्यावर लिहू तरी शकतो. ज्यांना तेही जमत नाही, अशी माणसे तुमच्या घरात असतील. ती गप्प आहेत म्हणजे त्यांचा होकार आहे, असे समजू नका.