तल सुबैहच्या मुख्तारचा शिक्का

मी एक जुना पितळी शिक्का आहे, मित्रांनो. कागदावर उमटण्यापलीकडे मला काही येत नाही, त्यामुळे ही हकीकत नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

मोसुलच्या बाजारात एका म्हाताऱ्या कारागिराने मला कोरले. मधोमध 'तल सुबैह' हे गावाचे नाव आणि भोवती आमच्या नाहियाचे, 'अल-मनारा'. नाहिया म्हणजे पाच-पन्नास गावांचा कारभार पाहणारा भाग. गावचा मुख्तार, म्हणजे गावप्रमुख, हाजी धनून याने मला कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवले, आणि तीस वर्षे मी तिथेच राहिलो. जन्म, लग्न, घराचा पत्ता, सगळ्याला माझा ठसा लागे. शाईची गादी वाळली की हाजी तिच्यावर चहाचे दोन थेंब टाकी. लोक मला डोळ्यांना लावत. मला त्याचा गर्व झाला होता, हे कबूल करतो.

दोन वर्षांपूर्वी सरकारने आमचे गाव अल-मनारामधून काढून बिर हिलाल नाहियात घातले. जुना शिक्का जमा करा, नवा घेऊन जा, अशी चार पत्रे आली. हाजीने त्या पत्रांवर चहाचे पेले ठेवले.

"कालव्याचं पाणी चोरणारे ते बिर हिलालवाले! त्यांचं नाव मी माझ्या गावाच्या डोक्यावर छापू?"

"त्या पितळेला किती जपता हो," त्याची बायको उम्म गानिम म्हणे. "चाळीस वर्षांत मला कधी असं कापडात गुंडाळून गळ्यात घातलंत का?"

सगळे हसत. मीही मनातून सुखावे. तिथेच माझे चुकले.

मग खौला आली. लढाईत गाव सोडून पळताना तिची मुलगी सफाना एका तंबूत जन्मली. तिची कुठेच नोंद नव्हती. ती आता सात वर्षांची होती. नोंद नाही म्हणून शाळेचे मागचे वर्ष असेच वाया गेले होते, आणि शाळेची नोंदणी गुरुवारी बंद होणार होती.

"हाजी, ही आपल्याच गावची, एवढं लिहून द्या. रोज शाळेच्या भिंतीशी उभी राहून धडे ऐकते."

"त्यात काय पोरी! तुझ्या बापाला मी ओळखतो, आजोबाला ओळखतो." त्याने सुंदर अक्षरात दाखला लिहिला आणि मला जोराने दाबले. मी स्वच्छ उमटलो.

बुधवारी खौला बिर हिलालच्या कचेरीतून रिकाम्या हाताने परत आली; तिथे दाखला चालला नव्हता. हाजी तिला आणि सफानाला घेऊन तडक त्या कचेरीत गेला.

"मुख्तार, हा शिक्का मेलाय," कारकून म्हणाला.

"तीस वर्षं चालला, आणि आज मेला?"

"दोन वर्षं झाली त्याला. तुम्ही त्याला पुरलं नाहीत, एवढंच. हा जमा करा, नवा तीन आठवड्यांत येईल."

"तीन आठवडे? अरे बाबा, उद्या गुरुवार!"

"चार पत्रं पाठवली होती, हाजी."

हाजीने मान खाली घातली. सावकाश पिशवी काढली आणि मला टेबलावर ठेवले. कारकुनाने कानसीने माझ्या तोंडावर आडव्या-उभ्या दोन रेघा ओढल्या. दुखले, पण ओरडायला मला तोंड उरले नव्हते.

"म्हणजे यंदाही नाही?" खौलाने विचारले.

"चूक माझी आहे, पोरी," हाजी म्हणाला.  सफानाने आईचा झगा ओढून विचारले, "मग मी भिंतीशी उभी राहिले तर चालेल ना?"

मित्रांनो, आता मी कचेरीच्या खणात पडून आहे. तुमच्याकडे जुन्या वस्तू असतील. त्या पुसा, जपा. आम्हाला ते फार आवडते. पण आमच्यापायी कुणाला दाराबाहेर ठेवू नका. सात वर्षांच्या मुलीचे एक वर्ष मी खाल्ले आहे, आणि ते मला परत देता येत नाही.