पायाळूचा पाय

मुंजाजीच्या आईनं लेकाचा पाय जात्यावर गाऊन ठेवला होता:

पाय आधी आला, बाळ माझा गं पायाळू
गावाच्या दुखण्याला माझ्या लेकाचा पाय हळू

त्याच पायानं मुंजाजी सिकंदराबादला रेल्वेकडून पगारी फुटबॉल खेळला. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तसा खेळ संपला. मग संघाच्या फिजिओच्या हाताखाली राहून तो ते काम शिकला, परीक्षा दिली आणि पूर्णा जंक्शनला परतून स्टेशनामागं खोली उघडली. शेकायचा दिवा, वाळूच्या पिशव्या, भिंतीवर मणक्याचं चित्र. पण कबड्डीचे गडी यायचे ते पाठीत उसण भरली म्हणून, पायाळूचा पाय लावून घ्यायला.

"अदुगर पाय लावा मुंजाजीभाऊ, मग तुमचा दिवा लावा."

तो लावायचा. एकदा पाय लावला की गडी मुकाट त्याच्या हाताखाली यायचा, व्यायामही करायचा.

भिवराबाई जवळच्या वाडीवरून आपल्या मल्हारीला घेऊन आली. मेंढरांमागं धावून पोराच्या पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. बोरीच्या कबड्डी सामन्यांतून जिल्ह्याचा संघ निवडायचा होता, आणि संघात आला की पोलिसात नोकरी. मुंजाजीनं त्याला निजवलं, पाय उचलून बघितला, अंगठा दाबला. अंगठ्यात जोर नव्हता.

"मल्हारी, ही उसण न्हाई. मणक्यातली गादी सरकून शिरेवर बसलीय. आता खेळलास तर पाय जाईल. परभणीला मोठ्या डॉक्टरला दाखव. मैदान बंद."

"भरती थांबायला ती काय माझ्या सासऱ्याची हाय व्हय?"

"आधी सासरा तरी गावू दे," भिवराबाई म्हणाली. मग मुंजाजीकडं वळली. "भाऊ, तुमी लय शिकलात. पर आमी पायासाठी आलोत. तेवढा लावा, मग तुमचं ऐकतो."

नेहमीचंच बोलणं. मुंजाजीनं आपला पाय धुतला आणि फूल ठेवावं तशी टाच मल्हारीच्या पाठीला नुसती टेकवली.

मल्हारी उठून उभा राहिला. "आये, उतरलं की गं. हलकं वाटायलंय."

"वाटायलंय. झालेलं न्हाई. खाली बस."

पण मायलेकरांच्या तोंडावर सण उगवला होता. भिवराबाईनं मुंजाजीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. दोघं निघाली. मुंजाजी लंगडत पायरीपर्यंत मागं गेला.

"बाई, नुसता दिलासा होता तो. औषध नव्हतं."

"दिलाशानंच माणूस बरं व्हतं, भाऊ."

बोरीत चढाई करताना मल्हारी पडला तो उठलाच नाही. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटून एसटी बंद होत्या. डॉक्टरकडं न्यायला फार उशीर झाला. ऑपरेशन झालं, पण पाय जागा झाला नाही.

जोंधळे काढणीला आले तेव्हा भिवराबाई त्याला घेऊन पुन्हा खोलीत आली. तिनं कुणाला बोल लावला नाही. मुंजाजीला तेच सोसवेना.

"भाऊ, त्या दिशी तुमी लय हळू लावला," ती म्हणाली. "आज जरा जोरानं लावा."

मुंजाजीनं नाही म्हणून मान हलवली. जमिनीवर बसून त्यानं मल्हारीचं पाऊल मांडीवर घेतलं. पाऊल गार होतं.

"डोळे मीट. सुई टोचली की सांग."

सुई अजून त्याच्या चिमटीतच होती, पावलापासून वीतभर लांब.

"टोचली," मल्हारी म्हणाला.

मुंजाजीनं वर बघितलं. भिवराबाई सुईकडंच बघत होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि मुंजाजीला मानेनंच खुणावलं, सांगू नका.