मागे सरकलेली खुर्ची

पुण्याच्या माणसांवर माझा राग आधीपासूनच होता. यवतमाळहून हडपसरच्या कंपनीत आले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, इथे "जेवलीस का" असं कुणी विचारत नाही, विचारलंच तर उत्तरासाठी थांबत नाही. त्यात शनिवार पेठेतल्या विजयमाला मॅडम म्हणजे कळस. त्या महिला तक्रार समितीच्या अध्यक्ष. नवा कायदा आला म्हणून त्यांच्या नावाची नोटीस पाण्याच्या मशीनशेजारी लागली होती, आणि आम्ही ती न वाचता बाटल्या भरायचो.

सुदर्शन सर माझे टीम लीड. त्यांचा हात आधी माझ्या खुर्चीच्या पाठीवर असायचा, मग "टेन्शन घेऊ नकोस गं" म्हणत खांद्यावर आला. मग रविवारी मेसेज सुरू झाले. सिनेमाला नाही म्हटलं, तर म्हणाले, "जूनमध्ये तुझं कन्फर्मेशन माझ्याच सहीने व्हायचंय, लक्षात आहे ना?" नोकरी गेली असती तर घरच्यांनी परत नेऊन थेट बोहल्यावरच चढवलं असतं. खोलीतली तनुजा म्हणाली, "जूनपर्यंत इग्नोर मार ना यार."

दोन आठवडे मारलं. तिसऱ्या सोमवारी मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि तोंड उघडण्याआधीच रडू फुटलं.

आमच्याकडे कुणी रडलं की आधी जवळ ओढतात, मग काय झालं ते विचारतात. मॅडमनी स्वतःची खुर्ची हातभर मागे सरकवली. पाण्याचा ग्लास माझ्याकडे ढकलला, दार बंद करू की उघडं ठेवू तेवढं विचारलं आणि पेनचं टोपण काढलं. मला इतका राग आला की रडूच थांबलं.

"मी काई खोटं नाई सांगून राहिली, मॅडम."

"खरं-खोटं मी विचारलेलं नाही. तुम्ही सांगा, मी लिहिते."

लिहून झाल्यावर त्यांनी सगळं वाचून दाखवलं. "यात माझा शब्द घुसला असेल तर खोडा." मी एक खोडला. निकालाचं वचन देता येणार नाही, म्हणाल्या. पण चौकशी होईल, गोष्ट समितीबाहेर जाणार नाही, आणि माझ्या कामाचा शेरा सुदर्शन सर लिहिणार नाहीत अशी शिफारस त्या आजच करतील, मला चालणार असेल तर. मी हो म्हटलं. कागदाची प्रत घेऊन बाहेर पडताना मनात म्हटलं, दगड आहे बाई.

चौकशीत सर म्हणाले, आपण फक्त धीर देत होतो. पण माझ्याकडे मेसेज होते आणि कागदावर तारखा होत्या. त्यांना जावं लागलं. जूनमध्ये माझं पत्र आलं, दुसऱ्याच्या सहीचं.

मंडईतून जांभळं घेऊन मी मॅडमकडे गेले.

"हे कशाबद्दल? माझं कामच होतं ते." त्यांनी एक तोंडात टाकलं. "निवडून आणलेली दिसतात."

मला राहवेना. "मॅडम, तेव्हा मी रडून राहिली होती, तं तुम्ही खुर्ची मागं काऊन घेतली?"

त्यांनी बी कागदावर ठेवली. "इथे रडत येणाऱ्या बाईच्या अंगावर बहुतेक वेळा कुणाचा तरी हात न विचारता पडलेला असतो. त्यात माझा कशाला?"

मला पुन्हा रडू आलं. त्या हातभर अंतराचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली.

"आता ठेवू का खांद्यावर हात?"

मी मान हलवली.

"मानेचं मला कळत नाही. हो की नाही?"

"हो," मी म्हणाले.